पाय धुतले का?

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचं दार कायम आतून लावलेलं असायचं. टकटक केली की आतून आवाज यायचा, "कोण?" आणि बाहेरचा माणूस, तुम्ही-आम्ही जन्मभर जे करत आलो तेच करायचा. म्हणायचा, "मी."

दार उघडायचं नाही.

"मी म्हणजे कोण?" आतून पुन्हा प्रश्न. मग नाव सांगा, गाव सांगा, काम सांगा, तेव्हा कुठं कडी निघायची. एकदा खुद्द प्राचार्य उभे होते. त्यांनी दोनदा "मी" म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जरा चढ्या आवाजात म्हणून पाहिलं, आणि शेवटी भर व्हरांड्यात, पोरं-पोरी बघत असताना, स्वतःचं पूर्ण नाव वडिलांच्या नावासकट सांगून "प्रिंटआउट काढायचीय" असं म्हणाले. कडी निघाली. "या सर," लॅबमध्ये कॉम्प्युटर शिकवणारे साळवे सर अगदी अदबीनं म्हणाले, "तुमचा आवाज ओळखला होता. पण आवाज कुणीबी काढू शकतं."

मी हे सगळं ऐकलं, कारण लॅब आणि माझं वाचनालय यांच्यामध्ये एक प्लायवूडची भिंत होती. सोळा वर्षं मी त्या भिंतीच्या अलीकडे पुस्तकांवर शिक्के मारले आणि पलीकडचे साळवे सर ऐकले. छत्रपती संभाजीनगरातल्या उन्हाळ्याच्या दुपारी कशा असतात ते इथल्या माणसाला सांगायला नको. पंखा गरम हवाच फिरवतो, वाचनालयात चिटपाखरू नसतं, डोळे आपोआप मिटतात आणि भिंतीपलीकडून एक संथ, गंगापूरकडच्या वळणाचा आवाज येत राहतो. सरांचे कितीतरी तास मी असे अर्धवट झोपेत ऐकलेत. त्यामुळे कॉम्प्युटरचं जे काही ज्ञान मला आहे त्याला थोडीशी स्वप्नाची चव आहे.

सर उंच, किडकिडीत. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेनाऐवजी कीबोर्ड झाडायचा लहानसा ब्रश. टाइप दोनच बोटांनी करायचे, तेही सावकाश. कुणी हसलं तर म्हणायचे, "घाईनं टाइप करणाऱ्यानं आजवर काय वाचवलंय का?"

पहिल्या तासाला ते दरवर्षी एकच नाटक करायचे. वर्गातून बाहेर जायचे, दार ओढून घ्यायचे आणि टकटक करायचे. पोरं आतून ओरडायची, "कोण?" सर म्हणायचे, "मी." कुणीतरी उठून दार उघडायचं. सर आत येत, शांतपणे पहिल्या बाकावरची कुणाची तरी पिशवी उचलत आणि चालू लागत. वर्गात हसाहशी. मग ते परत येऊन पिशवी जागेवर ठेवत.

"बघितलं? व्हायरस म्हंजी याच्यापेक्षा जास्त कायबी नसतं. त्यो दार फोडत नाय. त्यो 'मी' म्हणतो. दार तुमी उघडता."

मग दुसऱ्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिमचा धडा. पुस्तकात तो तक्त्यानं दिलेला होता, ही सुरक्षित, ती कमी सुरक्षित, गुण-दोष. सरांनी तो तक्ता कधी फळ्यावर काढला नाही.

"विंडोज म्हंजी गुलमंडीवरचं घर," ते सांगायचे. "खाली दुकान, वर बिऱ्हाड, दिवसभर वर्दळ. आता चोर कुठं जाईल? गर्दी हाय तिथंच की. पूर्वी त्या घराचं दार नुसतं 'मी' म्हणलं की उघडायचं, आन आत आला त्याला समद्या खोल्या मोकळ्या. आता तसं नाय ऱ्हायलं, हेबी सांगतो, उगं बदनामी नको. आता तेबी विचारतं, पहारा ठेवतं, भिंत दुरुस्त कराया गवंडी धाडतं. पण आपण काय करतो? गवंडी दारात आला की म्हणतो, आज नगं, उद्या ये."

अपडेटची सूचना आली की "नंतर" हे बटण दाबणाऱ्या साऱ्या पोरांनी माना खाली घातलेल्या मला भिंतीअलीकडूनही दिसायच्या. माझीही खालीच असायची.

"आन लिनक्स म्हंजी आमच्या वस्तीतलं घर. समद्यांनी मिळून बांधलेलं. कुठली वीट कुठं हाय ते कुणापासून लपलेलं नाय, त्यामुळं भोक पडलं तर कुणीतरी बोंब मारतंच. शिवाय त्या घरात धान्याची कोठी वेगळी. घरधन्याला बी कोठीत जायचं तर दरवेळी किल्ली मागावी लागती."

"आणि मॅक, सर?"

"मॅक म्हंजी बीड बायपासची नवी सोसायटी. गेटवर वॉचमन, वहीत नाव. यादीत नसंल त्यानं परत जायचं. बंदोबस्त चांगला हाय, फक्त महाग हाय. आन आत ऱ्हाणाऱ्याला वाटतं, चोर आपल्याकडं येतच नसतात. ते वाटणं लई धोक्याचं."

दरवर्षी एखादं हुशार पोरगं विचारायचंच, म्हणजे लिनक्सला व्हायरस लागत नाही ना? सर त्याच्याकडे मायेनं बघत असावेत, कारण आवाज मऊ व्हायचा. "लागत नाय असं कोण म्हणलं, बाबा? वस्तीत चोर कमी येतो, येतच नाय असं नाय. आता मोठमोठी गोदामं बी लिनक्सवर चालत्यात, तिथं मोठे चोर जात्यात. आन तू सोताच्या हातानं कोठीची किल्ली दिली, तर घर कुणाचं का असंना."

पोरांना एक उत्तर हवं असायचं, परीक्षेत लिहायला. ते काही सरांनी दिलं नाही.

मोबाइलबद्दल बोलायचं झालं तर आमचे शिपाई शेख मामा आठवतात. मामांनी फोनमध्ये टॉर्चचं ॲप घेतलं होतं आणि ते सगळ्या फोन नंबरांची परवानगी मागत होतं. मामांनी ती उदार मनानं देऊन टाकली. सरांनी डोक्याला हात लावला. "मामा, टॉर्चला तुमच्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर कशाला पायजेत?"

मामा म्हणाले, "अंधेरे में मैं गिर गया तो घरवालों को फोन लगाती हुंगी ना सर!"

सर इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. ते ॲप मात्र त्यांनी स्वतः काढून टाकलं.

पण कॉलेजात सरांची खरी ख्याती होती ती वेगळ्याच गोष्टीसाठी. लॅबच्या दारातच एका स्टुलावर त्यांनी एक जुनाट मशीन मांडलं होतं. त्यात लिनक्स होतं आणि इंटरनेट नव्हतं. शेजारी एक रिकामा पितळी तांब्या. वर पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: 'पाय धुण्याची जागा'. बाहेरून कुठलाही पेनड्राइव्ह आला की तो आधी इथं लावायचा. विंडोजसाठी लिहिलेला व्हायरस त्या मशीनवर हातपाय हलवू शकत नाही, आणि लपवलेल्या फायली तिथं उघड्या पडतात. सर त्या निवडून काढायचे, गव्हातले खडे काढावेत तशा, आणि मगच पेनड्राइव्ह आत जायचा.

"गावाकडं पाव्हणा आला की आधी पाय धुवायला पाणी देत्यात. का? लांबनं आलाय, वाटंत कशाकशातनं चालून आलाय. ह्यात पाव्हण्याचा अपमान नाय."

हळूहळू साऱ्या कॉलेजची ती म्हणच होऊन बसली. स्टाफरूममध्ये कुणी बाहेरची बातमी आणली तरी लोक विचारायचे, "पाय धुतले का?" म्हणजे खात्री केली का. मी एकदा वाचनालयाचा पेनड्राइव्ह न धुता थेट आत नेऊन लावला आणि दुपारपर्यंत लॅबमधल्या निम्म्या मशीनवर सगळ्या फोल्डरांचे शॉर्टकट होऊन बसले. सरांनी आवाज चढवला नाही. दोन दिवस खपून मशीनं साफ केली आणि तिसऱ्या दिवशी तांब्या माझ्या टेबलावर आणून ठेवला. "जाधव बाई, हा जरा दिसभर नजरंसमोर ठिवा." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून माझा पेनड्राइव्ह त्यांच्या मशीनला लागणार नाही, अशी मी शपथच घेतली.

शपथ मोडली, ते पुढं सांगते.

तो तांब्या सरांच्या मायचा होता. माय, म्हणजे त्यांची आई, गंगापूरजवळच्या गावात एकटी राहायची. सर दर रविवारी एसटीनं जायचे आणि तिच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करून आणायचे. पीठ केव्हाच गिरणीतून येत होतं, पण लेकासाठी माय मूठ-दोन मूठ ज्वारी घेऊन जात्याला बसायची, कारण जातं फिरल्याशिवाय तिला ओवी सुचत नसे. त्या ओव्यांत बाबासाहेब होते, वस्तीतली विहीर होती, नांदायला गेलेल्या बहिणी होत्या, आणि सर्वांत जास्त होता तो शाळेत जाणारा लेक.

सोमवारी सर ती रेकॉर्डिंगं लॅबच्या कोपऱ्यातल्या मशीनवर उतरवून घ्यायचे. हेही लिनक्स, ह्यालाही इंटरनेट नाही, आणि वर दोन पासवर्ड. मायला अक्षर येत नव्हतं, म्हणून शब्द उतरवून घ्यायला त्यांनी मला बसवलं. दुपारी पोरं गेली की मी हेडफोन लावून वहीत लिहायचे. घरघर, बांगड्या, मध्येच शेळी, आणि तो खरबरीत, कुठंही न अडणारा आवाज. मला माझी सोयगावची आजी आठवायची. किती दुपारी मी लिहायचं सोडून नुसती ऐकत बसले असेन.

एकदा मी म्हटलं, "सर, याची एक प्रत वाचनालयात ठेवू या. पुस्तकाचंसुद्धा आम्ही दोन प्रतींशिवाय भागवत नाही."

"नाय बाई," सर म्हणाले. "जितक्या प्रती, तितकी दारं."

त्यांच्याशी वाद घालण्याएवढी माझी समज नव्हती. आता वाटतं, तेव्हा घालायला हवा होता.

त्या मशीनवर 'खराब' नावाचं एक फोल्डर होतं. कुणी खोकलं, शेळी फारच ओरडली, ओवी तुटली, की ती फाइल सर त्यात टाकत. ऐकू नका म्हणत. मी ऐकायचे. त्यातल्या सातव्या फाइलमधली ओवी दुसऱ्या ओळीत तुटते आणि पुढं काय, ते मला काही केल्या कळेना. सरांना विचारावं तर खराब कशाला उघडलं म्हणतील. मग एका दुपारी ते चहाला गेले असताना मी वाचनालयाचा पेनड्राइव्ह काढला, त्या मशीनला लावला आणि ती एकच फाइल घेऊन आले. घरी निवांत ऐकायची म्हणून. पाय धुतले नव्हते. चोरीच ती, दुसरं काय.

पुढच्या वर्षी माय गेली. सर तेरा दिवसांऐवजी तीनच दिवसांत कामावर आले. "घरी बसून काय करू? तिचा आवाज इथं हाय," म्हणाले आणि कोपऱ्यातल्या मशीनजवळ जाऊन बसले. त्यानंतर दुपारच्या सुट्टीत भिंतीपलीकडून जात्याची अगदी बारीक घरघर ऐकू यायची, हेडफोनमधून सांडलेली. डबा खाताना मला तिची सवय झाली होती.

मग त्या मशीनची डिस्क कुरकुर करायला लागली. सरांनी सगळ्या ओव्या एका बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. नवी डिस्क दुसऱ्या दिवशी यायची होती. म्हणजे एकाच दुपारचा प्रश्न होता. मधल्या वेळात फायलींची यादी छापून घ्यावी म्हणून त्यांनी ती डिस्क ऑफिसच्या विंडोज मशीनला लावली, कारण प्रिंटर आता तिथं हलवला होता. त्याच मशीनवर त्यांचं व्हॉट्सॲपही उघडं होतं. आणि निरोप आला, गावाकडचा चुलतभाऊ बाळू याच्या नंबरवरून: 'दादा, पोरीचं लग्न धरलंय. पत्रिका उघडून बघ. यायचंच.' खाली फाइल.

सरांनी पत्रिका उघडली.

सोळा वर्षं साऱ्या कॉलेजला "कोण?" विचारायला शिकवणाऱ्या माणसानं दार उघडलं. मशीननं विचारलंसुद्धा होतं, ही फाइल चालवायची का, नक्की का. त्यांनी होय म्हटलं. दहा मिनिटांत डिस्कवरच्या ओव्यांसकट सगळ्या फायलींची नावं बदलून अगम्य अक्षरं झाली, एकही उघडेना, आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली. बाळूचा फोन दोन दिवसांपूर्वीच कुणीतरी ताब्यात घेतला होता, हे नंतर कळलं. जुनी डिस्क तोवर कायमची मुकी झाली होती. माझ्या वहीत शब्द उरले, आवाज गेला. खंडणी दिली तरी फायली मिळतीलच याची खात्री नव्हती, आणि सर चोराशी बोलणारे नव्हते.

मी धावत गेले तेव्हा ते खुर्चीत बसले होते, दोन्ही हात मांडीवर.

"बाळूची पोरगी चौथीत हाय, बाई," ते म्हणाले. "चौथीत. आन मला आठवलंच नाय. माय गेल्यापासून गावाकडनं कुणाचा सादासुदा निरोप बी आला नव्हता. म्हणलं, चला, कुणीतरी बोलावतंय."

माझ्या ओठांवर आलं होतं, सर, एक फाइल आहे माझ्याकडे. पण एक तर ती चोरलेली. त्यात ती 'खराब'. शेकडो ओव्या गेलेल्या माणसाला एक मोडकी ओवी देऊन काय सांत्वन करायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मला माझ्या मोडलेल्या शपथेची लाज वाटत होती. माझ्या लाजेपायी तो माणूस दीड वर्ष त्या आवाजावाचून राहिला. याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

नंतर सरांनी शिकवलं, पण पहिल्या तासाचं नाटक बंद झालं. भिंतीपलीकडून पुस्तकातला तक्ता ऐकू यायला लागला, ही सुरक्षित, ती कमी सुरक्षित. पोरं खूश होती, तक्ता परीक्षेत लिहिता येत होता. मला मात्र आता दुपारी झोप येईना. मग ते निवृत्त झाले, तांब्या घेऊन गावी गेले. सामान बांधताना म्हणाले, "तिथं इंटरनेट नीट लागत नाय. बरंच हाय."

गेल्या माघात मी गेले. गंगापूरपर्यंत एसटी, पुढं जीप. जीपवाल्यानं उसाच्या ट्रॉल्यांमागून रखडत रखडत आणून सोडलं. घर शोधावं लागलं नाही. साऱ्या वस्तीत भर दुपारी बंद असलेलं दार एकच होतं. टकटक केली.

"कोण?"

"सुनीता भास्कर जाधव," मी म्हणाले, "मूळ गाव सोयगाव, हल्ली सिडको. काम आहे."

वरचा अडसर, मग खालची कडी, मग साखळी, असं सगळं निघाल्याचं ऐकू आलं. सर होते. वाळले होते. मला बघून त्यांनी आधी तोच पितळी तांब्या भरून आणला आणि मी दारात पाय धुतले. जातं ओसरीच्या कोपऱ्यात होतं. त्यावर एक निळं फडकं झाकलेलं.

मी पेनड्राइव्ह पुढं केला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. शपथ, चोरी, दीड वर्ष. ते ऐकत राहिले. मग सवयीनं म्हणाले, "पाय धुतले का याचे?"

"नाही सर."

त्यांनी पेनड्राइव्ह जरा वेळ हातात धरला आणि तसाच लॅपटॉपला लावला.

घरघर सुरू झाली. बांगड्या. मग माय.

"दळन दळीते बाई, पीठ साचलं पाळीला,
लेक साळंला ग गेला, कोन..."

इथं टकटक होते. सरच ते. रेकॉर्डर लावून शेळीला गप्प करायला बाहेर गेले होते आणि वाऱ्यानं दार लागलं होतं. जातं थांबतं.

"कोन हाय?"

बाहेरून, लांबून, सरांचा आवाज: "मी."

"तू व्हय? मंग ये की. वाजवतू कशाला, दार लोटलेलंच हाय."

दार करकर वाजतं, आणि फाइल संपते.

सर पडद्याकडे बघत बसले. बाहेर कुठंतरी उसाची ट्रॉली गेली. मग ते हळूच, जवळजवळ ओवीच्या चालीत म्हणाले, "कोन हात लावी मोळीला."

"काय सर?"

"पुढची ओळ. लेक साळंला गेला, आता मोळी उचलून डोक्यावर द्याया कोन हाय? ती एकटीच उचलायची, बाई. मी साळंत असायचो." आणि मग त्यांना रडू आलं. मला वाटतं, माय गेल्यानंतर पहिल्यांदाच.

मी निघाले तेव्हा ते उठले नाहीत. मी त्यांना ओसरीतून वळून पाहिलं: जात्याशेजारी जमिनीवर बसलेले, मांडीवर लॅपटॉप, आणि दोन बोटांपैकी एका बोटानं फाइल पुन्हा पहिल्यापासून लावत होते. मी बाहेर पडून दार ओढून घेतलं आणि पायरीवर थांबले. अडसर, कडी, साखळी. सरांनी आतून दार लावून घेण्याची मला सोळा वर्षांची सवय. आता वाजतील म्हणून मी बराच वेळ कान देऊन उभी होते.

आतून फक्त घरघर येत होती. दार नुसतं लोटलेलं होतं.